पिंपाची आगभिंत

८ फेब्रुवारी १९७९, गुरुवार

ॲल्युमिनियम म्हणे! माझा धाकटा भाऊ उद्धव, अर्धं आयुष्य टूलरूममध्ये घालवलेला, रिटायर झाल्यावर मागच्या शेडमध्ये विमान बांधतो – बांधू दे. लोक तुळशीला पाणी घालतात, हा पंखांना कापड चढवतो. दिल्लीहून परवानगीचा कागद आला की चऱ्होलीच्या माळावरून उडणार. पण इंजिन आणि स्वतःचे पाय यांच्यामध्ये जी एकुलती एक भिंत, ती ॲल्युमिनियमची? इंजिनाने पेट घेतला तर पत्रा वितळून याच्या मांडीवर सांडेल! विमानबांधणीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय – या आगभिंतीने पंधरा मिनिटं ज्वाळा सोसली पाहिजे. पुस्तक इंग्रजी, मीच वाचून दाखवलं. मोठ्याने. दोनदा.

"अक्का, दोन किलो वाचतात."

"आणि पाय?"

"पाय दोनच आहेत. किलो पुष्कळ लागतात."

हे काय उत्तर झालं?

१० फेब्रुवारी

आज अपमान. ज्वारी आणायला म्हणून उद्धवने साहेबरावाच्या दुकानात नेलं आणि ज्वारीच्या काट्यावर मलाच उभी केली! "काटा बरोबर आहे का बघू." साहेबराव गालातल्या गालात हसत वजनं चढवत होता. बावन्न किलो. आकडा दोघांनी अख्ख्या चिंचवडला ऐकू जाईल असा उच्चारला. येताना ज्वारीची पिशवी त्यालाच उचलायला लावली.

ज्वारी चांगली निघाली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

भीमराजची सुटी. माझाच विद्यार्थी – सातवी ब, शेवटचा बाक. आता कंपनीत पत्र्याचं काम करतो, हात सोन्याचा. शेडमध्ये मी पाऊल टाकलं की अजूनही उठून उभा राहतो. दोघांनी भोसरीहून पत्रा आणला. चकचकीत.

"स्टील आहे, अक्का. तूच तपास."

लगेच चुंबक आणलं! चुंबक लावल्याशिवाय मी स्टीलचं भांडं घेत नाही. बोहारणी मला पाहून गल्ली बदलतात. चिकटलं तर माल हलका, नाही चिकटलं तर अस्सल. पत्र्याला लावलं – चिकटलं नाही. "पास!" मी म्हणाले.

भीमराज स्वतःच्या बुटांकडे बघत होता. उद्धव शिट्टी वाजवत होता.

१६ फेब्रुवारी

चुंबक फळीवर ठेवताना हातातून सुटलं, दुधाच्या पातेल्यावर आपटलं आणि घसरून खाली पडलं. ॲल्युमिनियमचं पातेलं! त्यालाही चिकटत नाही! एकतीस वर्षं शास्त्र शिकवलं मी – एकतीस! मला शास्त्र शिकवणाऱ्या सिस्टर ॲग्नेसनी पट्टी आडवी नव्हे, उभी मारली असती.

तशीच शेडमध्ये गेले, पत्रा उचलला. पिसासारखा.

"उद्धव!!"

"तूच पास केलास, अक्का."

२२ फेब्रुवारी, गुरुवार

खटला निकालात. भीमराजने ब्लोलॅम्प पेटवला, घड्याळ माझ्या हातात. दोन मिनिटं चाळीस सेकंद – पत्र्याला मधोमध फुगा आला, मग भोक. भोकातून पलीकडे उद्धवचा चेहरा दिसला. पडलेला.

"बाई, बादलीचा पत्रा लावून बघू?" भीमराज म्हणाला. लावला. जस्ताचा पांढरा धूर, तिघंही खोकून बेजार! शिवाय इतका जाड की वजन चार किलोंनी जास्त. हवं ते पातळ स्टील. व्यापारी म्हणतो, अख्खा गठ्ठा घ्या नाहीतर पुढचं दुकान बघा.

संध्याकाळी उद्धव पायरीवर नुसता बसून होता. "राहू दे मग," म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता.

१ मार्च, गुरुवार

शाळेने निरोपाला दिलेलं स्टीलचं पिंप. कधी पाणी भरलं नाही त्यात, नुसतं पुसत आले. आज पुसताना टेप लावली. उलगडलं तर सव्वाचार फूट, उंची दोन. पुरतं!

भीमराज कात्री हातात धरून थांबला. "बाई, ह्याच्यावर तुमचं नाव कोरलंय."

"वाचता येतंय ना? मग काप."

"हात होत नाही हो, बाई."

"सातवीत बाक कापलास तेव्हा बरा होत होता!"

कापलं. उरलेला तुकडा ब्लोलॅम्पपुढे धरला. लालभडक झाला. पंधरा मिनिटं. सोळा. सतरा! भोक नाही. मी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या कस्तुराबाई धावत आल्या.

८ मार्च

भिंत बसली. आतल्या अंगाला ‘इंदुमतीबाईंस सप्रेम भेट’ – बरोब्बर उद्धवच्या गुडघ्यांसमोर. पाय राहतील. पण हा पेन्सिल घेऊन आकडेमोड करत बसलाय. दोन किलो वाढले म्हणून सुतक!

१३ मार्च, होळी

पुरणपोळी नको म्हणाला! भात दहा-बारा दिवसांपासून बंद, तूप बंद, सकाळी उठून दिघीपर्यंत चालत जाणं. रुसवा, दुसरं काय! पिंप गेलं माझं आणि तोंड वाकडं याचं. मी त्याच्यासमोर बसून चार पोळ्या खाल्ल्या, मुद्दाम.

"अक्का, दोनच खा ना गं."

ऐकलंत? माझ्या घरात माझ्या पोळ्या मोजतो!

२२ मार्च, गुरुवार

शेड झाडायला गेले. उद्धवच्या सीटमागे दुसरी सीट. गादी, पट्टा – लहान मापाचा. पाठीच्या फळीवर पेन्सिलने त्याचं अक्षर: ‘अक्का – ५२, शालीसकट ५३. भिंत – २ जास्त. उद्धव – ७१, आता ६९. जमलं.’

खाली भीमराजचं, सातवीतलंच गिचमिड: ‘बाईंच्या चार पोळ्या धरलेल्या नाहीत.’

दुपारी भात लावला नाही. दोघांनीही भाकरी खाल्ली.