तारीख कापलेली बातमी

हर्सूल, औरंगाबाद
बुधवार, मे २०१६

प्रिय मनकर्णा हिला दमयंतीचा सप्रेम नमस्कार आणि (आपल्या वयाला शोभत नसला तरी) एक गालगुच्चा.

शाळा सुटली की टांग्याची वाट बघत आपण दोघी फाटकाजवळच्या पायरीवर फुटाणे खात बसायचो. फुटाणे संपले की पुडीचा कागद तू गुडघ्यावर ठेवून सरळ करायचीस. त्यावर हमखास एखादी अर्धी बातमी असायची. एकदा ‘मंत्रिमहोदयांच्या हस्ते नव्या पुलाचे’ इथंच कागद फाटला होता आणि तू गंभीर चेहऱ्यानं ‘बारसे’ असं म्हणून बातमी पूर्ण केलीस. सिस्टर बाहेर येईपर्यंत आपण हसत होतो. आज सकाळपासून का कोण जाणे, तीच पायरी डोळ्यांपुढं येते आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? साखर आटोक्यात आहे ना? (फोनवर ‘बरी आहे’ म्हणतेस आणि मागून सूनबाई ‘नाही नाही’ म्हणते, ते मला ऐकू येतं.) आमची दोघांची तब्येत ठीक. तुझ्या इथल्या बंद घरावर माझी नजर असते. गेल्या महिन्यात तुझ्या मुलानं, हिमांशूनं, पाठवलेला बिल्डर येऊन जागेचं माप घेऊन गेला. पाच मजले होणार आणि परसातली विहीर बुजवून तिथं गाड्या उभ्या राहणार, असं तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मोबाईलवर सांगत होता. जागा तुझी, निर्णय तुझा. मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. (या परिच्छेदात तरी.)

आता माझी हकीकत. मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. लग्नामुळे राहिलेलं बी.ए.चं शेवटचं वर्ष मुक्त विद्यापीठातून पूर्ण करते आहे. आमचे सत्यम सर माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, मला काकू म्हणतात आणि मी उभी राहिले की तेही उभे राहतात, त्यामुळे प्रश्नोत्तरं आम्ही दोघं उभ्यानंच करतो. त्यांनी प्रकल्प दिला आहे : रोजच्या वर्तमानपत्रातल्या चाळीस बातम्या कापून वहीत चिकटवायच्या आणि प्रत्येकीखाली आपण काय धडा घेतला ते लिहायचं. जाता जाता ते म्हणाले, “आणि हो, धडा नुसता लिहू नका, आचरणात आणा.” बाकीच्या मुलांनी ते वाक्य पंख्याच्या वाऱ्यावर सोडून दिलं. मी पडले कॉन्व्हेंटची. सांगितलं की करायचं, एवढंच आपल्याला दहा वर्षं घोटून शिकवलेलं.

पहिली बातमी होती आंघोळीचं पाणी झाडांना घालणाऱ्या एका कुटुंबाची. तेव्हापासून आमचे हे नातवाच्या टबात बसून आंघोळ करतात. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. टबात ते मावतात, त्यांचा मान मावत नाही. ते पाणी मी कढीपत्त्याला घालते. आठवड्याभरानं आमटीला चंदनाच्या साबणाचा वास येतो म्हणून त्यांनी तक्रार केली. (मला आला नाही. पण त्या दिवसापासून आमटीत त्यांची आंघोळ दिसायला लागली, हे खरं.) दुसरी बातमी जलवाहिनीच्या गळतीची. ‘नागरिकांनी जागरूक राहावे’ असं तिच्या शेवटी लिहिलं होतं. मी जागरूक राहिले. समोरच्या तात्यासाहेबांच्या फाटकाशी रोज ओल दिसायची, ती मी लेखी कळवली. माणसं आली, कमरेएवढा खड्डा खणला, आणि निघालं असं की ती ओल तात्यासाहेबांच्या कूलरची. तात्यासाहेब पाटबंधारे खात्यातले. अख्खी हयात धरणांवर गेली आणि रोज सकाळी फिरायला जाताना स्वतःच्या दाराशीच खड्डा ओलांडायची वेळ आली. ओलांडताना माझ्या खिडकीकडे बघायचे.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. खरा घोटाळा मागच्या गुरुवारी झाला. तलाव आटलाय, नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, हे तुला माहीत आहेच. बुधवारी दुपारी मी कात्रणं जेवणाच्या टेबलावर पसरून चिकटवत बसले होते. सरूबाई भांडी घासत होती. (गल्लीच्या टोकाला राहते ती. तिला लिहायला येत नाही, पण कुणाच्या टाकीत किती पाणी आहे हे घरधन्याआधी तिला कळतं.) टेबलावर एक कात्रण दिसलं, ‘हर्सूल परिसराला उद्या सकाळी जादा पाणी’. मी मोठ्यानं वाचलं. सरूबाई हात न धुताच गल्लीत पळाली. “दमयंतीबाईंच्या पेपरात आलंय, उद्या लई पानी येनार हाय!” चौदा घरांत पाच मिनिटांत बातमी. आणि मग, मनकर्णे, आपल्या बायकांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं. उद्या ताजं पाणी येणार म्हटल्यावर साठवलेलं पाणी शिळं झालं! पिंप, हंडे, टाक्या सगळं उपसून, घासूनपुसून पालथं घातलं. एरवी वाटीनं पाणी मोजणारी गल्ली त्या संध्याकाळी बादलीनं ओतत होती. कोपऱ्यावरच्या लिंबाला जन्मात एवढं पाणी मिळालं नसेल. मीही माझी टाकी घासली. आत उतरून घासली.

गुरुवारी सहा वाजता सगळे आपापल्या नळाशी नळ्या जोडून उभे. नळ खोकला, आणि गप्प झाला. सात वाजले. आठ वाजले. तात्यासाहेब चष्मा लावून आले, म्हणाले, “वहिनी, ती बातमी जरा दाखवता?” मी दाखवली. त्यांनी उलटून पाहिली. पाठीमागं रामनवमीच्या पालखीचा फोटो होता. रामनवमी होऊन महिना झाला होता. कात्रण सुबक दिसावं म्हणून मी वरची तारखेची पट्टी कापून टाकत होते ना! तात्यासाहेबांनी कात्रण घडी घालून माझ्या हातात परत दिलं. खड्डा ओलांडून घरी गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पाणी रविवारी येणार होतं. चौदा घरं, दोन बाळंतिणी, आणि माझ्या तोंडून गेलेली बातमी. टँकरवाल्यानं मंगळवारशिवाय नंबर नाही म्हणून सांगितलं. मी आमच्या पायरीवर बसून रडत होते, तेव्हा सरूबाई शेजारी येऊन बसली. “आवं बाई, रडून काय हंडा भरतोय व्हय? मनकर्णाबाईंच्या परसात हीर हाय की.”

“ती कोरडी आहे ना गं?”

“कुनी बगितलंय? नळ आल्यापासून कुनी वाकून तरी बगितलं का तिच्यात?”

मी तुला तीनदा फोन लावला. (दुपारी झोपताना तू फोन कपाटात ठेवतेस, ही सवय सोड.) चौथ्यांदा नाही लावला. विहिरीवरच्या जाळीच्या कुलपाला इतका गंज होता की आमच्या ह्यांनी वरवंट्याचा एकच घाव घातला आणि ते सुटलं. निवृत्तीनंतर त्यांनी केलेलं हे पहिलं बेकायदा काम. दिवसभर ते फार टवटवीत होते. खुलताबादहून कडुबा आला, विहिरींचा गाळ काढण्यात त्याची हयात गेली आहे. दोराला धरून उतरला आणि खालून ओरडला, “वल हाय! गाळ काढा, झरा जित्ता हाय!”

दोन दिवस अख्खी गल्ली गाळ ओढत होती. तात्यासाहेबांनी दोर, पहार, पाट्या यांचं असं काही नियोजन केलं की धरणाला लाजवेल, आणि निघालेल्या गाळानं त्यांच्या दाराचा खड्डाही बुजवून घेतला. शनिवारी दुपारी गाळाखालून पाणी आलं. आधी राखट, मग दुधाळ, संध्याकाळी स्वच्छ. गुडघाभरच आहे, पण उपसलं तरी सकाळी पुन्हा गुडघाभर भरतं. बायका मला माफ करायला आल्या नाहीत, हंडे घेऊन सरळ विहिरीवर आल्या. सरूबाईनं पहिला हंडा माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, “चला, आता पेपरात काय बी येऊ द्या.”

सत्यम सरांना सगळं सांगितलं. ते उभे राहिले (मीही राहिले) आणि म्हणाले, “काकू, बातमीला तारीख असते, हाच धडा लिहा.” तो मी एकोणचाळिसाव्या बातमीखाली लिहिला. चाळिसाव्या पानावर अजून काही चिकटवलेलं नाही.

सूनबाईला, नातवंडांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
दमयंती

ता. क. : कुलूप तोडल्याबद्दल माफी मागायला हे पत्र लिहिलं असं तुला वाटेल. तसं नाही. जागा विकू नकोस असंही मी म्हणत नाही. तुझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचा खर्च मला ठाऊक आहे. पाच मजले होऊ देत, सहा होऊ देत. एवढंच कर की खरेदीखतात एक ओळ घालायला लाव : विहीर बुजवायची नाही आणि गल्लीला पाणी भरू द्यायचं. बिल्डर नाराज होईल. तात्यासाहेब म्हणतात, होऊ दे, पाण्याची जागा म्हणून उद्या तोच फ्लॅटचे दर वाढवेल. ती ओळ खतात आली की चाळिसाव्या पानावर मी तिची नक्कल चिकटवीन. तारखेसकट.

ता. क. २ : जाळीला नवं कुलूप लावलं आहे. त्याला चार किल्ल्या मिळाल्या. एक सरूबाईला दिली, कारण ती सगळ्यांच्या आधी उठते. एक दोन्ही बाळंतिणींच्या घरांत मिळून, त्यांना पाण्यासाठी थांबायला लागू नये. एक तात्यासाहेबांकडे. मला नको म्हणून मीच सांगितलं. चौथी या पाकिटात आहे, ती तुझी. बिल्डरला द्यायची ठरलं तर पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः इथं येऊन, विहिरीत एकदा वाकून बघून, मग त्याच्या हातात दे.