पेलेगच्या वाट्याला काय आलं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा तो पेलेग काही आमचं घर सोडत नाही. परवा पुन्हा उपयोगी पडला, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही मिशनचे उपदेशक. एरंडोलच्या बाजारात लिंबाखाली बायबल उघडायचात ते थेट वंशावळीवर. साहेब वैतागायचे, "नावं सोडा, प्रेमाचं सांगा." तुमचं उत्तर ठरलेलं, "साहेब, आमच्याकडे आधी बाप विचारतात, मग पाणी." आणि खरंच, चमत्कारांना जांभया देणारे शेतकरी नावं आली की कान टवकारायचे. पेलेगपाशी तर हमखास गलका. त्याच्याबद्दल लिहिलंय एवढंच, की त्याच्या काळात पृथ्वीची वाटणी झाली. "मंग त्याना वाटाले काय उनं?" कुणीतरी ओरडायचंच.

तुम्हाला तो का आवडायचा, ते घरात ठाऊक होतं. तुम्ही ख्रिस्ती झालात आणि दोन्ही काकांनी तुम्हाला वगळून शेताची वाटणी केली. वर भाटानं वंशावळ म्हणताना तुमचं नावच गाळलं. तीन भावांचे दोन झाले.

माझ्या सोयरिकीची बैठक आठवते? धुळ्याचे पाहुणे ख्रिस्तीच आहेत, पण मुलाच्या आजोबांची जुनी खोड जात नाही, "तुमनं कूळ कोनतं?" शेवया ढवळता ढवळता आईचा हात थांबतो. याच प्रश्नावर आधीचं स्थळ उठून गेलंय. आणि तुम्ही घसा खाकरून सुरू करता, "आदामाचा शेथ, शेथाचा अनोश..." अगं बाई! आई दाराआडून पळी नाचवते, "अहो, शेवयांचा गोळा होतोय!" नोहा तारवात चढला, उतरला, तुमचं चालूच. झालं, मी आता जन्मभर बिनलग्नाची. पेलेग आल्यावर आजोबा अडवतात, "याना वाटाले काय उनं?"

"लिहिलेलं नाही. यानं काही केल्याचंही लिहिलेलं नाही," तुम्ही म्हणता. "पण हा एक काढला, तर याच्याच वंशातला अब्राहाम काय आभाळातून पडला?"

आजोबा पागोटं काढून मांडीवर ठेवतात. मग म्हणतात, "माले बी भाऊसनी असंच काढी टाकं." आणि शेवयांचा तो गोळा मागून घेतात. माझं लग्न तिथंच ठरलं.

परवा धाकट्या काकांच्या नातवाचं बारसं होतं. मला पहिल्यांदाच बोलावणं आलं. तोच भाट, आता पार वाकलेला, वंशावळ म्हणत होता. "दोन भाऊ" म्हणाला, आणि मी ताडकन उठले, "तीन!"

"तिसऱ्यानं केलं काय, ताई? नुसतं नाव कसं म्हणू?"

काय सांगणार? ना जमीन, ना विहीर. तोंडातून निघून गेलं, "त्याच्या काळात वाटणी झाली."

काकांनी मान खाली घातली. मग भाटाला म्हणाले, "म्हण रे. तीन म्हण."

भाटानं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, तुमच्या नावासकट. आबा, मी भर बारशात हमसून हमसून रडले. साखर रेशनवर, म्हणून शेवया गुळाच्या होत्या. त्याही गोळा झालेल्या. दोनदा मागून खाल्ल्या.

ही चिठ्ठी पोचायची नाही, म्हणून धीर करून सांगते. पेलेगच्या पुढची नावं मला अजूनही पाठ नाहीत.