नाकतोड्याची हाडं

लोधिवली,
ता. १० नोव्हेंबर १९६८

तीर्थरूप बाबांस,

कमळ्याचा लांबूनच वाकून नमस्कार. आईला, आवडीला आणि हे वाचलं जात असताना ओट्यावर जे कोणी बसले असतील त्यांनाही. आवडी, सावकाश वाच गं, मधले शब्द गिळू नको.

मी खुशाल आहे. माथेरान सोडलं. हातरिक्षा ओढायचं काम वाईट नव्हतं, पण पाहुणे रोज नवे आणि बोलणं रोज तेच, की काय शांत आहे इथं. मला त्या शांततेत मोटारीचा आवाज ऐकावासा वाटायला लागला. मग उतरलो खाली. चौकच्या नाक्यावर आबाजीच्या हॉटेलात चहा पीत होतो (भजी चांगली असतात, तेल मात्र जुनं), तर समोर एक हिरवी मोटार बंद पडलेली. बाबा, अशी मोटार तुम्ही पाहिली नसणार. फक्त दोन माणसांची. नाक लांबलचक, पाठ आखूड, टप कापडाचा. शर्यतीत पळवायला विलायतेत बनवलेली, माझ्याहून वयानं मोठी. आत एक म्हाताऱ्या बाई, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. म्हणाल्या, "बघतोस काय? ढकल." ढकलली. सुरू झाली. म्हणाल्या, "चालवता येते?" खोपोलीला ट्रकवर क्लीनर होतो तेव्हाच लायसन काढलं होतं, ते दाखवलं. "मग बस इकडे. मला समोरचं झाड आहे की माणूस ते कळत नाही." तरी तिथवर चालवत आणली होती. रस्ता ओळखीचा आहे म्हणाल्या.

तेव्हापासून इथंच आहे. दिघेबाई त्यांचं नाव, मुंबईत डॉक्टर होत्या. त्यांच्या यजमानांनी ही गाडी भंगारातून उचलून मुंबईत नव्यासारखी करून घेतली, आणि फिरवायची हौस पुरी व्हायच्या आत ते गेले. बाई म्हणतात, "गाडी रोज चालली पाहिजे. उभी राहिली की रबरं सुकतात, ब्रेक धरून बसतात, टाकी गंजते." म्हणून रोज सकाळी आम्ही लोधिवलीहून खालापूरला जातो आणि परत येतो. काम असो नसो. असलं तर टपाल, अंडी, कुणाला औषध. लोक गाडीला नाकतोडा म्हणतात. पोरं मागं धावतात, आणि आबाजी रोज न चुकता विचारतो, "आरं, बैल कुटं सोडलंस रं?"

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. हिच्या चाकांना आरे आहेत, आपल्या गाड्यासारखे, पण तारेचे. मला कळेना, तार वाकत कशी नाही. चौकच्या मिस्त्रीनं सांगितलं, आपल्या चाकात ओझं खालच्या आऱ्यावर उभं राहतं, ह्यात ते वरच्या तारांना लटकतं. मी त्या दिवशी जेवताना पण तेच डोक्यात घोळवत होतो. चाकाच्या मधोमधचा तुंबा लटकलेला. पटतं का तुम्हाला?

गियर टाकायचं पण वेगळंच. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये थोडा दम धरायचा. चुकलं की खालून दात खाल्ल्यासारखा आवाज येतो. बाई डावीकडं डोळे मिटून बसतात, इंजिन ऐकतात आणि म्हणतात, "आता." मी टाकतो. लोण्यात सुरी. विचारलं, बाई, कसं कळतं? तर म्हणाल्या, "आई चिडलीय हे तुला तिच्या चालण्यावरून कळत नाही?"

आता खरी गंमत. ही मोटार आतून लाकडाची आहे. वरून पत्रा, आत लाकडाचा सांगाडा. मला खोटंच वाटलं. उजवं दार कुरकुरतं म्हणून आतलं अस्तर सोडवलं, तर आत चौकट. मुंबईवाल्यांनी सागवान घातलंय, आणि दारावरची जी कमान आहे ती बाकावरच, वळते तिथंच, चिरलीय. खालच्या खांबाला वाळवी. मी खांब बदलला. तुम्ही सांगायचात ना, गाड्याच्या सांध्यात खेळ ठेवावा, नाहीतर खड्ड्यात सांधा फुटतो. मी ठेवला. बाजाराच्या दिवशी बाई घरी होत्या म्हणून स्वयंपाकीण धोंडूबाईला कोंबड्यांची पाटी घेऊन शेजारी बसवलं. उजवीकडं मी, डावीकडं ती. चौकच्या वळणावर माझ्या बाजूचं दार सताड उघडलं. मी स्टिअरिंगला लोंबकळलो, आणि धोंडूबाईनं एका हातानं पाटी, दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरली. "मेल्या, ह्यो काय बैलगाडा हाय? सांधं ढिलं ठेवलंस ते?" तिला कसं कळलं देव जाणे. तिचा बाप पण सुतार असावा. विचारायचं राहिलं.

आता दार दोरीनं बांधलेलं आहे. बाई म्हणाल्या, "मी डॉक्टर. माझ्याच गाडीतून माणूस पडला तर तोंड दाखवायला जागा नाही. होळीपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर मुंबईचा एकजण मागतोय, देऊन टाकते."

म्हणून सहज विचारतो. खांब घट्ट करता येईल, पण त्या चिरलेल्या कमानीला लाकूड कुठलं घालावं?

आईला सांगा, जेवण वेळेवर आहे.

तुमचा,
कमळ्या

लोधिवली,
ता. ४ डिसेंबर १९६८

तीर्थरूप बाबांस,

सर्वांना नमस्कार. कार्ड पोचलं. तीनच ओळी, पण तुमच्याच: सागवान वाकत नाही. चीर उभी की आडवी? गाड्यांचं काम बंद केलंय, कोण मागत नाही. वाचून मला तुम्ही समोर बसल्यासारखं वाटलं. तसे समोर बसल्यावर तुम्ही तीन ओळी पण बोलत नाही.

चीर उभी आहे. धाग्याबरोबर गेलीय, बाकाच्या बाहेरच्या अंगाला. त्यांनी फळीतून कमान कापून काढलीय, वाकवलेली नाही. हे मी चिरेत नख घालून बघितलं. बरोबर का?

विलायतेत कुठलं लाकूड घालतात ते बाईंनी पुस्तक नाकाशी धरून बघून सांगितलं, पण ते झाड आपल्याकडं होत नाही. मग मी रस्त्यानं झाडंच बघत सुटलो. बाई म्हणतात, "कमळाकर, समोर बघ." परवा एका वाडीत गेलो, तिथं शुक्रा नावाचा ठाकूर भेटला. त्याच्या पोराला ताप होता, बाईंनी गोळ्या दिल्या. त्याला खुणेनं कमान दाखवली. तो हसला आणि त्याचा म्हातारा बापच आत घेऊन गेला मला, त्याचं जुनं धनुष्य दाखवायला. काळं, गुळगुळीत. कशाचं म्हणून विचारलं तर धामणीच्या लाकडाचं. मग आठवलं, तुम्ही जू धामणीचं करायचात. मी तेव्हा ओढ्यात खेकडे पकडत असेन.

धामणच ना? तसं असेल तर ती वाकवायची कशी? ओली की वाळकी? मी करून बघणार आहे. पण तुम्ही आला असता तर बरं झालं असतं. काम बंदच आहे म्हणता, तर चार दिवस या. इथं खोली आहे. धोंडूबाई सुकट चांगली करते. बाई विचारत होत्या, तुझे वडील येतील का. मी म्हटलं, येतील.

म्हटलं खरं.

तुमचा,
कमळ्या

लोधिवली,
ता. १९ जानेवारी १९६९

बाबा,

हे पत्र आवडीकडं देऊ नका. मी मुद्दाम सुटं, मोठं अक्षर काढलंय, छापल्यासारखं. तुम्हाला एसटीची पाटी वाचता येते, तर हेही येईल. मागं गोठ्यात बसून वाचा. वेळ लागला तर लागू दे.

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. धामण, ओली, चिखलात मुरवून तुसाच्या आचेवर, साच्यावर ओढायची. तू कर, मी येत नाही. तसं केलं. शुक्रानं फांदी तोडून दिली. तळ्याकाठी मुरवली. भाताच्या तुसाची भट्टी लावली. पहिली लवकर ओढली, कडकन गेली. दुसरी जास्त राहिली, करपून गेली. तिसरी वाकली, मी आनंदात साचा सोडला आणि ती माझ्या डोळ्यांदेखत सरळ झाली, सापासारखी. बाई बघत होत्या. म्हणजे ऐकत होत्या. म्हणाल्या, "केव्हा ओढायचं ते कार्डावर मावत नसणार." आता एकच फांदी राहिलीय, ती चिखलात आहे. होळी जवळ आली. मुंबईचा माणूस गाडी बघून पण गेला. दोरी बघून हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

हे झालं गाडीचं. दुसरं लिहायचं म्हणून तीन कागद फाडले.

संक्रांतीच्या आधी आपल्या गावचा नवशा आला होता. बांबू घेऊन टेंपोनं पनवेलला चालला होता, नाकतोडा बघायला मुद्दाम थांबला. बोनेटभोवती फिरला, आत बसला, हॉर्न वाजवला. मग म्हणाला,

"तुजा बाप येवडा कारागीर, आन् काम घेतच नाय रं."

मी म्हटलं, "कुणी मागत नसेल. टेंपो आले ना."

"टेंपो माजा हाय. बैलगाडा पन माजाच हाय. जू मोडलं म्हनून सोता गेलो व्हतो त्याच्याकडं. बोलला, जमत नाय. आन् दोन्ही हात मांडीखाली."

"थंडी असेल."

"आरं, दिवाळीत कसली थंडी? च्या आला तवा कललं मला. कपबशी वाजाया लागली. तुज्या आयनं पुडं हून बशी धरली, आन् मी पंचांगाकडं बघत बसलो."

बाबा, मी पण लगेच त्याला चाकाच्या तारा दाखवायला लागलो. ओझं वरून लटकतं वगैरे. नवशानं ऐकून घेतलं. जाताना म्हणाला, "कुनाला बोललो नाय मी."

मग कार्डांचं कोडं सुटलं. पूर्वी अक्षर आवडीचं असलं तरी खाली तुम्ही स्वतःच्या हातानं तासायच्या वाकसाची खूण काढायचात. ह्या दोन्हींवर नाही. मला वाटलं, रागावलात.

मी बाईंना सांगितलं. विचारलं नव्हतं तुम्हाला, पण सांगितलं. त्या म्हणाल्या, हात थरथरायची कारणं पुष्कळ. कुणाचा हात रिकामा असताना थरथरतो आणि कामाला लागला की थांबतो. कुणाचं उलटं. काही औषधानं कमी होतं, काही होत नाही. "बघितल्याशिवाय बोलणार नाही," म्हणाल्या. मी पुष्कळ विचारलं. डोक्यातून हातापर्यंत हुकूम जातो कसा, वाटेत कोण अडवतो. शेवटी त्या म्हणाल्या, "कमळाकर, तू मला विचारतोस तेवढं वडिलांना विचारलं असतंस तर?"

म्हणून विचारतो. रिकामे असताना थरथरतात की कामात? वाकस धरून बघितलात का, की भीतीनं धरलाच नाही? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. आणि हे ओट्यावर विचारता येत नाही.

मी तुम्हाला कमान करायला बोलवत नाही. कमान मी करणार. बाईंना समोरचं दिसत नाही, तरी आम्ही दोघं मिळून रोज खालापूर गाठतो. त्या ऐकतात, मी गियर टाकतो. तुम्ही भट्टीपाशी खाट टाकून बसा. वास, रंग, आवाज, ज्या कशावरून तुम्हाला कळत असेल त्यावरून. हात मांडीखाली ठेवा नाहीतर खिशात. तोंडानं फक्त "आता" म्हणा. लहानपणी तुम्ही सांगायचात आणि मी खिडकीबाहेर बघत असायचो, ते मला माहीत आहे. आता खिडकी नाही. नुसतं माळरान आहे, तेही बघून झालंय.

जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर मुंबईचा माणूस घेऊन जाईल, आणि मी पुन्हा कुठंतरी काम बघेन, त्याची मला सवय आहे. पण ओढायची वेळ कधी असते, हे तुमच्याबरोबर गोठ्यात बसून राहील. ते मला पटत नाही.

येत्या शुक्रवारी सकाळी कर्जतवरून कशेळ्याला येतो, नाकतोडा घेऊन. घरापर्यंत आणत नाही, गर्दी होईल. एसटीच्या थांब्यापाशी उभा राहीन. कोणी विचारलं तर सांगा, पोराची गाडी बघायला चाललोय. ते खोटं नाही. आला नाहीत तर इंजिन गार होईपर्यंत थांबेन आणि जाईन. पुन्हा ह्या विषयावर लिहिणार नाही. आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या मते तिला पुष्कळ आधीपासून माहीत आहे.

डावीकडं बसा. दार तेच एक धड आहे. आणि हातांची काळजी करू नका. ह्या गाडीत रस्ता लागला की सगळ्यांचेच हात थरथरतात, बाईंचे, धोंडूबाईचे, माझे पण. कर्जतपर्यंत तुमचे कुठले आणि गाडीचे कुठले, कुणाला कळायचं नाही.

तुम्ही म्हणाल तेव्हाच ओढीन.

कमळ्या