पाठीवरची कडी

मोताळा,
बुधवार, ता. ६ मार्च १९६८

सहदेव,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. खोडलेलं दिसतं आहे, दिसू दे. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, कापूस निघाला, धरणाचं पाणी उतरलं आणि काठच्या बुडालेल्या बाभळी पुन्हा उघड्या पडल्या. तुमच्याकडची खुशाली विचारत नाही. ती मला कळली.

तुमच्या शेजारच्या पुष्पाकाकू परवा माहेरी आल्या, त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी कोपऱ्यात ब्रश धरून होतो. काकू आईला सांगत होत्या, “काय सांगू जनकाबाई, गुलाबरावच्या कोकिळेच्या पेटीत पाळन्याची मासोळी निंघाली! लाकडाची, रंगवेल. त्याच्या बहिनीनं, केसरबाईनं, सारी आळी डोक्यावर घेतली. कुवाऱ्या पोरीच्या पेटीत पाळन्याचं खेळनं काऊन, म्हने? आन् डोळ्याले काळे मनी, दिष्ट नोको लागाले म्हून!”

आईनं तोंडाला पदर लावला. माझ्या वाटीतला लाल हिंगूळ माझ्याच पायावर सांडला.

पुढचंही सगळं ऐकलं. गुलाबकाकांनी त्याच दिवशी कोकिळेची पुस्तकं माळ्यावर टाकली. मॅट्रिक पंधरा दिवसांवर असताना! आणि देऊळगाव राजाच्या त्या बिजवराला होकार कळवला. त्याचं पोरगं कोकिळेपेक्षा चार वर्षांनी लहान. रविवारी सुपारी फुटणार. आत्यानं मासोळी चुलीवरच्या फळीवर ठेवली आहे, पुरावा म्हणून. घरातला एकही माणूस तिच्याशी बोलत नाही.

आणि तू, तिचा सख्खा भाऊ? काकू म्हणाल्या, “सहदेव तं भाकर मोडून खात होता बापा, मान खाली घालून.”

भाकर खात होतास बे तू! ती मासोळी पेटीत कोणी ठेवली? तूच ना? तिला द्यायला मी तुझ्याच हाती दिली होती. शिवरात्रीच्या सुट्टीत तू दोन दिवस याच ओट्यावर बसून मी ती करताना पाहिली. सावरीचं लाकूड तासताना पाहिलंस. चुना-डिंकाचा हात दिल्यावर आईची मैद्याची चाळणी अंगावर धरून मी वरून रंग थोपटला, चाळणी उचलली तर खालून खवले उमटले, तेव्हा “वा रे पठ्ठ्या” कोण म्हणालं? पोळ्याचं उरलेलं बेगड तूच शोधून दिलंस, पोटाला लावायला. रोगण वाळेपर्यंत फुंकर घालत बसलास. एक वाक्य होतं सहदेव. “आत्या, हा गळ हाय, याच्यानं मरळ मासा धरतेत.” एवढंच. भाकरीचा घास तोंडात ठेवूनसुद्धा बोलता आलं असतं.

पण मग “पेटीत कोनं ठेवली” हे आलं असतं ना? बापाचा मार चुकवलास, बहीण गेली तरी चालेल. अशानं तू बी.ए. होशील, शंभर टक्के होशील.

तुझे बाबा मला म्हणतात, कॉलेज सोडून लाकडं तासणारा. म्हणू देत. धरणावरच्या ओव्हरसियर साहेबांची गळाला लावायची विलायती मासोळी मरळीनं चावून फोडली, ती पाहून मी दुसरी केली, आणि साहेबांनी तिच्यावर हातभर मरळ काढली. आता बुलढाण्याहून माणसं विचारत येतात. गावातले भोई आधी हसायचे. “जित्या मासोळ्या सोडून लाकडाची काऊन खाईन ते?” आता सहदेव्या, तेच पाण्याशी वाकून तिची चाल पाहतात. आणि कॉलेज मी फीपायी सोडलं नाही. प्रोफेसरांनी माझी वही भर वर्गात वाचली म्हणून मी दौत फेकली. वहीत कोणाचं नाव होतं ते तू खोलीवर आल्यावर विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. तुझ्याच खाटेशेजारी झोपत होतो ना.

असो. तुला शिव्या द्यायला आणखी दोन पानं पुरली असती. काल रात्रीच हे पत्र टाकणार होतो. टाकलं नाही.

पुष्पाकाकू जाताना दोरीवर वाळत घातलेल्या मासोळ्यांपाशी थांबल्या. आई आत गेली होती. हळूच म्हणाल्या, “कोकिळेनं एकच गोष्ट इचाराले सांगतली. कडी पाठीवर काऊन लावली? मले त्यातलं काई समजत नाही बापा. तुमचं तुम्ही पाहा.”

दिवाळीत तुम्ही दोघं बहीणभाऊ इथं तुमच्या मावशीकडे आला होतात तेव्हा मी धरणावर तिला पहिली मासोळी दाखवली होती. आठवतं? ती म्हणाली, “अगं माय, मासोळीले नथ!” मी सांगितलं, कडी नाकातच पाहिजे, दोरी नाकात बांधली तरच ओढल्यावर ती पोहते. पोटात शिसं पाहिजे, नाहीतर उलटी होते. ते तिनं लक्षात ठेवलं.

तूही ठेवलं होतंस. तू विचारलं होतंस, “शिसं भरत नाही का बे?” मी म्हटलं, चूप बस. गळाचे आकडे लावले नाहीत तेव्हा म्हणालो, तिच्या हाताला टोचतील. ते खरं आहे. पण शिसं कोणाला टोचतं? आणि पाठीच्या मधोमध कडी लावली, दोऱ्याला टांगून पाहिली, ती वाऱ्यावर हळूहळू फिरायला लागली, तेव्हा तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस.

त्या मासोळीनं मरळ काय, बेडूकसुद्धा धरता येणार नाही. केसरआत्यानं बरोबर ओळखलं. ती पाळण्याचीच आहे. आमच्या पाळण्याची, कधीतरीच्या. हे मी कोकिळेला विचारलं नव्हतं, तुला सांगितलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा शब्दात म्हटलं नव्हतं, हातांनीच केलं. तू “हा गळ हाय” म्हणाला असतास तर खोटं बोलला असतास. म्हणून गप्प होतास की भिऊन, ते तुझं तुला माहीत. माझा राग अर्धा तुझ्यावर आहे. उरलेला कोणावर, ते तुला कळलं असेल.

रविवारी पहिल्या गाडीनं मलकापूर, तिथून नांदुरा, सुपारीच्या आधी तुमच्या जळगावात. बैठकीत बसलेल्या सगळ्यांसमोर सांगणार आहे की मासोळी माझी, मनात होतं तेही माझं, पोरीला त्यातलं काही माहीत नव्हतं. मग गुलाबकाकांना रीतसर तिचा हात मागणार. मारलं तर मार खाईन, हात उचलणार नाही. हे मी लिहून देतो, कारण माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही. पण त्याआधी कोकिळेला विचारलं पाहिजे, आणि ते आता तुझ्याशिवाय कोणी विचारू शकत नाही. विचार, आणि मी आलो की बैठकीआधी मला सांग. ती ‘नाही’ म्हणाली तर मी फक्त पहिलं तेवढं सांगेन आणि उलट्या गाडीनं परत येईन.

ती मासोळी तेवढी चुलीत जाऊ देऊ नको. आणि कोकिळेला सांग, कडी चुकून लागली नाही.

तुझा मित्र लिहू की नको, ते रविवारी तू कुठं बसतोस ते पाहून ठरवीन.

कडूबा