अठरा फूट खाली आलेला पूरदेव

मी, श्रीनाथ रंगनाथ उमरगेकर, वय ५४, धंदा लातूरच्या एका दैनिकाची तालुका-वार्ताहरी, अविवाहित, राहणार मौजे खडकतळी, ता. शिरूर अनंतपाळ, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आमच्या घरात कोणी कोणाचा सल्लासुद्धा ऐकत नाही. प्रकृती ठणठणीत आहे. घराची जागा तशी नाही, म्हणून ही घाई.

१. आधी चूक, मग मिळकत. आमच्या गावचा पूरदेव म्हणजे पुरुषभर उंचीची शिळा. मोठ्या पुराचे पाणी जिथवर चढते तिथे, वरच्या माळावर, ती उभी होती. पूर ओसरला की ज्या घरचे माणूस गेले त्या घराने तिच्यावर पाण्याच्या उंचीची रेघ कोरायची आणि शेंदूर भरायचा, अशी रीत. पाच रेघा आहेत. सर्वांत वरची १९८३ची, मल्लम्मा आजींनी कोरलेली. त्यांची दोन लेकरे त्या पाण्यात गेली.

२०११ साली, म्हाताऱ्यांना चढ नको म्हणून, सरपंच ग्यानोबांनी देव वाजतगाजत खाली एसटीच्या थांब्याजवळ आणला. देवाबरोबर रेघाही अठरा फूट खाली आल्या, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. मी बातमी छापली आणि नांदेडच्या पाठशाळेत सात वर्षे घासलेले संस्कृत पणाला लावून चौथऱ्यासाठी श्लोक रचला: देवाच्या माथ्यावर पाणी चढत नाही. वृत्त निर्दोष, अर्थ घातक. त्या भरवशावर देवाच्या वरच्या अंगाला बावीस घरे उठली. त्यातले एक थोरला भाऊ श्रीपाद याचे. मी त्याच्याच माडीवर राहतो.

२. गेल्या वर्षी रामलिंग मिस्त्रींना घेऊन, गवंडी लेव्हल बघतात त्या पाण्याच्या नळीने, देवाच्या जुन्या खड्ड्यापासून माप आणले. १९८३चे पाणी दादाच्या माडीच्या खिडकीवर लागते. तिथे बाहेरून निळी रेघ ओढली. दादाने ती चुन्याने पुसली. “माझ्या सौदामिनीला बघायला पाहुणे यायलेत. त्यांना काय सांगू, नवरी पाण्याखालच्या घरातली आहे म्हणून?”

ग्यानोबांकडे गेलो. ते म्हणाले, “गुरुजी, तुमीच पेपरात छापलाव की. आता तुमीच न्हाई म्हनून राहिलाव?”

दुरुस्ती छापून आणली. चौथ्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली, चार ओळी. श्लोक मात्र संगमरवरात आहे.

३. माळावरची, देवाच्या जुन्या खड्ड्याच्याही बरीच वरची, माझी वीस गुंठे जमीन पुतणी सौदामिनी हिला. अट एकच: तिथे आधी घर, मग मांडव. दादा व मनस्विनी वहिनी यांना त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील; परत खाली येण्याचा नाही.

४. नळीही सौदामिनीला. माझे संस्कृत कोश दादाला. उंच फळीवर ठेवावेत. बत्तीस वर्षांपूर्वी त्याने नेलेली सायकल माफ. चुना माफ नाही.

५. देव माळावर जुन्याच खड्ड्यात न्यावा. श्लोकाची फरशी फोडावी. पहिला घाव मी घालीन. मी नसलो तर ग्यानोबांनी.

६. सहावी रेघ कोरण्याची पाळी आमच्या घरावर आली, तर ती सौदामिनीने कोरावी. रडून झाल्यावर, माप घेऊन.

स्थळ: ‘शिरूर अनंतपाळ’ असे आधी लिहिले होते, पुलावर पाणी असल्याने खोडून ‘दादाची माडी, खडकतळी’ केले.
दिनांक: १५ सप्टेंबर २०२५

(सही) श्रीनाथ रंगनाथ उमरगेकर

साक्षीदार:
१. रामलिंग मिस्त्री (सही)
२. मल्लम्मा, वय ८४ (डाव्या हाताचा अंगठा). अंगठा देताना म्हणाल्या, “रेघ म्या कोरली. देव उचलला तवा मला कुनी इचारलं न्हाई.”

ता. क. सह्या होईतो दुपारचे साडेबारा झाले. खाली देवापुढे कमरभर पाण्यात नारळ फुटताहेत. रामलिंग सांगतात, तीन रेघा बुडाल्या. सौदामिनी आजींना धरून माळाच्या वाटेला लागली आहे. वहिनी तिच्यामागे निघाल्या. दादा खिडकीबाहेर मान काढून चुन्याची भिंत बघतो आहे.

“श्रीनाथ,” तो विचारतो, “ती रेघ नेमकी कुठवर होती रे?”