पितळेवरच्या तेरा रेघा

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार

भोसल्यांच्या कॉम्प्युटर-ड्रॉइंगच्या दुकानातला तिसरा आठवडा. आज पहिल्यांदा कॉम्प्युटरवर मोजून तिरकी रेघ काढली. लांबी १४०, कोन ३७.५, एंटर. झालं! पेन नाही, पट्टी नाही, श्वास रोखून धरणं नाही. मी बघतच राहिले. हडपसरच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, एकोणीस वर्षं ट्रेसिंग केलं, शाईने, पारदर्शक कागदावर, सेक्शन बंद होईपर्यंत. अशी रेघ एकदाही आली नाही.

शेजारच्या टेबलावरची अश्विनी म्हणाली, "काकू, मोठी करून पाहा ना." मोठी केली. आणखी मोठी. कड कुठेच फाटेना. आमच्या शाईच्या रेघेवर भिंग धरलं की दोन्ही बाजूंना केसाळ दिसायची. ही मात्र...

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले. पेपर वाचत होते.

१४ फेब्रु., बुधवार

इथे तरी लिहून टाकते. उजवा हात थरथरतो. दिवाळीपासून. ह्यांना चहा डाव्या हाताने देते. ऑफिसातल्या शेवटच्या महिन्यांत तीन शीटं ब्लेडने खरवडून कशीबशी वाचवली. सेक्शन बंद झाला त्या दिवशी सगळ्याजणी रडल्या. मीही रडले, पण सुटले म्हणून.

आता आकडा टाइप करायचा, रेघ आपली आपण येते. हात थरथरतो, रेघ नाही. आज दुपारी अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं. कुणाला सांगणार, रेघ बघून रडले म्हणून?

मालकांना कळता कामा नये. भोसले म्हणालेत, तीन महिने बघू, मग ठरवू. रेघा काढण्यापलीकडे मला काही येत नाही.

२३ फेब्रु., शुक्रवार

जोगळेकर सर आले. भूगोलाचे रिटायर्ड मास्तर, आमच्या विश्रांतवाडीतल्याच शाळेचे. शाळेच्या अंगणात पितळी सूर्यघडी बसवायची आहे. रेघा आपण काढून द्यायच्या, एचिंगवाला पत्र्यावर कोरणार. सरांनी कोनांचा कागद दिला. बाराची रेघ उभी. तिच्यापासून एकची ४.८६ अंशांवर, दोनची १०.३८, तीनची १७.६०, चारची २८.७९, पाचची ४९.८२, सहाची पार आडवी. सकाळची बाजू तशीच, उलटी.

मी म्हटलं, "सर, तास सारखे नाहीत. काही चुकलंय का?"

"बाई, सूर्य माझ्या सांगण्यावरून चालत नाही. हे पुण्याचे कोन आहेत. दिल्लीला वेगळे येतील."

पुण्याचे कोन! चव्वेचाळीस वर्षं इथे राहते आहे, गावाला स्वतःचे कोन असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभर तेच डोक्यात.

२६ फेब्रु., सोमवार

तेरा रेघा काढल्या. आम्ही उभ्या रेघेपासून कोन मोजायचो, हे सॉफ्टवेअर आडवीपासून मोजतं. मग दुपारचा प्रत्येक आकडा नव्वदातून वजा, सकाळचा नव्वदात मिळवलेला. चारचा २८.७९ म्हणजे ६१.२१. कागदावर दोनदा करून पाहिलं, मग टाकलं. सगळ्या रेघा खाली एका बिंदूतून निघतात. मधे दाट, कडेला मोकळ्या. मोरानं पिसारा उघडावा तसं. अश्विनी (अ.) नावं ठेवते का बघत होते, पण तिने एकेक रेघ मोठी करून पाहिली.

२ मार्च, शुक्रवार

सर प्रिंट घरी नेऊन तपासून आले. "बाकी बारा बरोबर. चारची रेघ साधारण मिनिटभर चुकली आहे. शाळेला चालेल. मला चालणार नाही."

फाइल उघडली. चारच्या रेघेचा कोन ६१.३९. मी ६१.२१ टाकला होता, शपथेवर सांगते! मग लक्षात आलं. रेघ काढून झाल्यावर, नीट आली का बघायला, मी ती माउसने परत निवडली. एकोणीस वर्षांची सवय, प्रत्येक रेघेवरून शेवटी एकदा नजर आणि बोट. तेवढ्यात हात हलला आणि टोकाला धक्का बसला. पडद्यावर दिसलासुद्धा नाही.

म्हणजे इथेही आलाच तो कंप.

अ. खुर्ची ओढून जवळ आली. हळूच म्हणाली, "काकू, तुमचा हात कापतो ना? मला पहिल्याच आठवड्यात दिसला होता. माझ्या बाबांचाबी असाच हलते. अमरावतीले डॉक्टरला दाखवून राहिले ते."

तिने रेघा लॉक करायला शिकवलं. आता कितीही धक्का लागो, रेघ जागची हलत नाही. मालकांना सांगणार नाही म्हणाली. पोरीला स्वतःला हिंजवडीच्या कंपनीचं नोकरीचं पत्र येईना, त्या काळजीत असते, आणि वर माझी.

९ मार्च, शुक्रवार

रेघा पास. पण सरांनी नवीन काढलंय. "खाली करणाऱ्याची सही हवी. टाइप केलेलं नाव नको. हाताची सही."

ड्रॉइंगच्या चौकटीत आमची नुसती आद्याक्षरं असायची, तीही कुणी वाचत नसे. इथे पूर्ण नाव, पितळेत.

१२ मार्च, सोमवार

कागदावर बारा वेळा सही केली. बाराही थरथरलेल्या. त्यातली बरी स्कॅन करून अ.ने तिच्या रेघा करून घेतल्या. मग मला दाखवलं. सरळ रेघेला दोनच बिंदू असतात, सुरुवात आणि शेवट, मधलं काही साठवावंच लागत नाही. माझ्या सहीला दोनशेच्या वर बिंदू. हात जिथे जिथे डगमगला, तिथे तिथे एक. माझ्या हाताचा इतका नीट हिशेब कुणी घेतला नव्हता. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर सुंदरही वाटलं.

"दोन क्लिकमध्ये सरळ होईल, काकू. करू?"

माउसवरचा हात उचलला. मग म्हटलं, राहू दे.

१३ मार्च

भोसल्यांनी पाठवण्याआधी प्रिंट पाहिला. सहीवर थांबले. "ही तुमचीच?"

"हो."

"हात?"

"हो. दिवाळीपासून."

मान हलवली आणि डबा खायला गेले.

१५ एप्रिल, रविवार

सूर्यघडी बसली. शाळेला सुट्टी, अंगणात आम्ही पाच जण. सर, भोसले, अ., मी, आणि हे. सर चला म्हणाले म्हणून आले.

मनगटावर चार वाजले तेव्हा सावली अजून बरीच अलीकडे. भोसले म्हणाले, "सर, ही मागे आहे."

"घड्याळ पुढे आहे. सरकारी वेळ पूर्वेकडच्या गावाची, पुण्याच्या सूर्याला ती कुणी कळवलेली नाही. पस्तीस मिनिटं थांबा."

थांबलो. चार पस्तीसला काट्याच्या सावलीची कड सरकत सरकत आली आणि चारच्या रेघेवर बसली. बरोबर. सरांनी टोपी काढली. एवढा मोठा सूर्य, आणि मी टाइप केलेल्या आकड्यावर आला! अंगावर काटा आला, अजून आहे.

भोसले निघताना म्हणाले, "उद्या जरा बोलू आपण." चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

हे खाली वाकून सहीवरून बोट फिरवत होते. प्रत्येक वळणावरून, सावकाश. मग सरळ झाले आणि सगळ्यांसमोर माझा उजवा हात हातात घेतला. तो थरथरतच होता. मी सोडवून घेतला नाही.

"चहा डाव्या हाताने का देतेस, ते विचारायचंच राहिलं," म्हणाले.

पाहिलं तर सावली रेघेच्या पुढे गेली होती.