'येते' म्हणजे 'जाते' असे समजण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय.

विषय : संध्याकाळच्या अर्धवेळ कामावरून खरोखरच जाऊ देण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे सोमवारचे 'येते', बुधवारची 'रजा' व शुक्रवारचा 'निरोप'.

महोदय,

१. अर्जदार ही व्यवसायाने शिंपीण असून गेल्या महिन्यापासून आपल्या वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीवर संध्याकाळी बसते. काम सोडायचे तर तोंडाने नीट सांगून सोडावे, या विचाराने ती सोमवारी आपल्या केबिनमध्ये आली. "खूप शिकायला मिळालं साहेब. बरं, येते मी," असे ती म्हणाली. निघताना 'जाते' म्हणू नये, असे वडिलांचे वळण. आपण "या, या, उद्या जरा लवकर या" म्हणालात. मोठ्या माणसाचा शब्द मोडवेना, म्हणून अर्जदार दुसऱ्या दिवशी आली, आणि लवकर आली.

२. बुधवारी अर्जदाराने भाषा अधिक औपचारिक केली व "आता मला रजा द्यावी" अशी विनंती केली. आपण मोठ्या मनाने एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर केलीत. अर्धवेळ माणसाला रजा मिळते हे इथे कोणाच्या गावीही नव्हते. पुस्तकबांधणीच्या काकांनी लगेच स्वतःचाही अर्ज टाकला.

३. शुक्रवारी "निरोप घ्यायला आले आहे" असे सांगताच आपण "बरं झालं आलात" म्हणून निरोप दिलात, की काकांना सांगा, रजा नामंजूर. अर्जदाराने तो पोचवला. तेव्हापासून काका तिच्याशी बोलत नाहीत. यात तिचा काय गुन्हा, हे तिला अद्याप उमगलेले नाही.

४. आता कारण. अर्जदाराच्या वडिलांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. रोज संध्याकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवी आणि ते तिचे उच्चार सुधारत. ही नोकरी धर म्हणून तेच मागे लागले होते. "किती दिवस सुईदोऱ्यात मान घालून बसशील? माझी काळजी करू नकोस, शेजारच्या वहिनी वाचून दाखवतील मला," असे ते म्हणाले. वरील सोमवारच्या आदल्याच दिवशी वहिनी ब्लाउजचे माप द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "मी कुठे वाचते? मी विचारलं होतं त्यांना. तर म्हणाले, लेक आल्यावर वाचते की." म्हणजे म्हाताऱ्याने दोघींच्या हातावर तुरी दिल्या, आणि महिनाभर संध्याकाळचे नुसते बसून राहिले. अर्जदाराला फार वाईट वाटले. रागही आला.

५. खिडकीवर स्वतःच्या जागी बसायला अर्जदाराने एक नव्या ताई शोधल्या असून त्यांना सर्व काम समजावून दिले आहे. आपल्याबद्दल तिची कसलीही तक्रार नाही, उलट इतक्या प्रेमाने कोणी अडवून धरेल असे तिला वाटले नव्हते. तरी तिला आजपासून कामावरून कमी करावे, ही विनंती.

६. हा अर्ज काल वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. कलम चारवर "हे साफ खोटं आहे, पण राहू दे" म्हणाले. मग उशीला टेकून "पुन्हा एकदा वाच, सावकाश" म्हणाले. अर्जदाराने वाचला.

आपली नम्र व आजपासून गैरहजर,
(सही)
खिडकीवरच्या ताई

दिनांक : आजचाच, कृपया पुढे ढकलू नये.

सोबत : खिडकीची किल्ली.